रक्ताचे ऋण

कर्ज घेणाऱ्याला धनकोचे नाव ठाऊक असते, हा व्यवहाराचा पहिला नियम. आमच्या भिवंडीत तो लहान मुलालाही समजतो. इथे सूत उधारीवर येते, कापड उधारीवर जाते आणि मधल्या मुदतीत माग चालत राहतात. कुणाचे किती देणे आहे आणि ते केव्हा चुकवायचे आहे, हे चोपडीत लिहिलेले असते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्या चोपडीवर हळदकुंकू वाहिले, की माणूस निदान एका रात्रीपुरता निश्चिंत होतो. परंतु गेली काही वर्षे एक असे देणे माझ्या मनात घर करून बसले आहे, की ज्याची नोंद कोणत्याच चोपडीत नाही. ज्यांचे ते देणे आहे, त्यांची नावे आपल्या ओठांवर नाहीत. त्यांतले बहुतेक केव्हाच मरून गेले. आणि विशेष असे, की आपण कुणाला काही देत आहोत याची त्यांना स्वतःलाही कल्पना नव्हती. असे देणे हे देणे ठरते का? ठरत असेल तर ते फेडायचे कुणाला? फराळाच्या ताटाशेजारी ठेवायला हा विषय जरा जड आहे, हे मला मान्य आहे. पण हिशेब पाहण्याचे दिवसही हेच. म्हणून वाचकांची क्षमा मागून तो मांडतो.

हे देणे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासंबंधीचे आहे. मुलाला ताप येतो, तो हटत नाही. मूल पांढरेफटक पडते, कुठे आपटले नसताना अंगावर काळेनिळे डाग उठतात, पाय दुखतात म्हणून रात्री रडते. आपल्या हाडांच्या पोकळीत जो मगज असतो, ज्याला अस्थिमज्जा म्हणतात, तिथे रक्त तयार होते. तिथलीच एखादी कच्ची पेशी बिघडते, पिकण्याचे सोडून नुसती वाढत सुटते आणि चांगल्या रक्ताला जागाच उरू देत नाही. १९४७ सालापर्यंत या रोगापुढे वैद्यकाने हात टेकलेले होते. मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जाई. आज धनिक देशांत या रोगाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारातली दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. नुसती जगत नाहीत; शाळेत जातात, मोठी होतात, त्यांना मुले होतात. एका माणसाच्या हयातीत झालेला हा पालट आहे. तो कुणी घडवला, असे विचारले तर आपण चटकन म्हणतो, शास्त्रज्ञांनी. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे शोधायला फार दूर जावे लागत नाही. भिवंडीहून ठाणे गाठावे, लोकल पकडावी आणि परळला उतरावे.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आली. मुंबईत बाळंतपणात बायका फार मरत. डॉ. मार्गारेट बाल्फोर या बाईंनी त्या प्रश्नाचा पाठपुरावा चालवला होता आणि त्यांच्याच बोलावण्यावरून विल्सबाई परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागल्या. गिरणगावातल्या गरोदर बायकांत त्यांना एक चमत्कारिक पंडुरोग दिसला. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. आणि बाई दिवसेंदिवस खंगत जाऊन बाळंतपणात दगावायची. हा संसर्ग असेल काय, हे विल्सबाईंनी पाहिले, तसे दिसेना. मग त्यांनी या बायकांची ताटे पाहिली. भाजीपाला, फळे, दूध ज्यांच्या ताटांत जवळजवळ नसे, त्यांनाच हा रोग अधिक होई. आणि गरीब मुसलमान घरांतल्या बायकांची ताटे सर्वांत रिकामी होती. तसलाच निकस आहार त्यांनी आधी उंदरांना आणि मग माकडांना देऊन पाहिला. यकृताच्या अर्काने असे रोगी सुधारतात हे तेव्हा माहीत झाले होते, पण तो अर्क गिरणीकामगारांच्या बायकांना परवडणार कसा? शेवटी गुण आला तो एका स्वस्त वस्तूने. मद्याच्या भट्टीत उरलेल्या किण्वाचा काळा, खारट अर्क, जो इंग्रज लोक पावाला लावून खातात, तो मार्माइट या बायकांना दिला आणि त्या बऱ्या झाल्या. १९३१ साली विल्सबाईंनी हे प्रसिद्ध केले. मार्माइटमधले ते अज्ञात द्रव्य बरीच वर्षे 'विल्स फॅक्टर' या नावाने ओळखले जाई. पुढे १९४१ साली तेच द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि पानावरूनच त्याचे फॉलिक ॲसिड असे नाव पडले.

या कथेचा पुढचा अध्याय एका तेलुगू माणसाचा आहे. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे भीमावरमचे. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात असताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा घालायला सुरुवात केली. इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गेली आणि हुशार असूनही त्यांना खालच्या दर्जाची पदवी घेऊन बाहेर पडावे लागले. त्यांचे दोन भाऊ संग्रहणीने गेले होते. १९२२ साली ते अमेरिकेला गेले आणि १९४० पासून लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. तिथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४५ साली फॉलिक ॲसिड कृत्रिम रीतीने तयार झाले. ते संग्रहणीवरही लागू पडते असे आढळले, तेव्हा त्यांना आपले भाऊ आठवले नसतील काय?

बोस्टन शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर होते. फॉलिक ॲसिडने रक्त सुधारते, तर ते रक्ताच्या कर्करोगातही उपयोगी पडेल, अशा विचाराने त्या जातीची द्रव्ये त्यांनी आजारी मुलांना देऊन पाहिली. उलटेच झाले. रोगाचा जोर वाढल्यासारखा दिसला. फार्बर यांनी त्यातूनच पुढचा धागा पकडला: या द्रव्याने रोग वाढत असेल, तर द्रव्याची वाट अडवणाऱ्या औषधाने तो हटायला हवा. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने तसे औषध बनवले, ॲमिनॉप्टेरिन. १९४७ च्या अखेरीस ते मुलांना देण्यास सुरुवात झाली. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी आपला लेख प्रसिद्ध केला. १६ मुलांना औषध दिले होते. त्यांतल्या १० मुलांत सुधारणा दिसली. अंथरुणाला खिळलेली मुले उठून बसली, जेवू लागली. पण ही सुधारणा तात्पुरती होती, हे लेखाच्या मथळ्यातच त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. रोग उलटला. सुब्बारावही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारले. परंतु बंद दाराला पहिली फट पडली ती तिथे. त्या औषधाचे धाकटे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते आजही या रोगाच्या उपचाराचा एक आधारस्तंभ आहे.

कुणाच्या लक्षात आले असेल, की या कथेत आपण मुंबईतल्या एका रिकाम्या ताटापासून निघालो आणि बोस्टनच्या एका खाटेपाशी पोहोचलो. कापडात आडवा धागा घालणारा दिसतो. पण ताणा आधी कुणीतरी लावून ठेवलेला असतो. फार्बर आणि सुब्बाराव यांची नावे आपण घेतो आणि ती घेतलीच पाहिजेत. पण ताण्याचे धागे कोणते? हाफकिन संस्थेत बोटातून रक्त काढू देणाऱ्या गरोदर बायका. बोस्टनमधली ती १६ मुले. आणि माझ्या मते त्यांच्याही आधी, ज्यांना फॉलिक ॲसिडची द्रव्ये दिली आणि ज्यांचा रोग वाढल्यासारखा दिसला, ती मुले. औषधाची कल्पना सुचली ती त्यांच्या अपायातून. ज्या मुलांचे काही भले झाले नाही, तीच या विद्येची पहिली धनको आहेत.

इथे नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. मरणाच्या वाटेवर असलेल्या मुलाला, जे औषध लागू पडेल की नाही हे कुणालाच माहीत नाही, ते देण्याचा अधिकार डॉक्टरला कुणी दिला? काळाचा योगायोग पाहा. ऑगस्ट १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे, छळछावण्यांतल्या कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या जर्मन डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला आणि न्यायाधीशांनी सांगितले, की माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वखुशीची संमती हवीच. त्यानंतर चार महिनेही उलटले नाहीत तोच बोस्टनला मुलांना नवे औषध दिले जात होते. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे सांगायला नको. एकीकडे क्रौर्य होते, दुसरीकडे करुणा. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाची स्वखुशी म्हणजे काय? आईबाप हो म्हणतात, हे खरे. परंतु ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही, त्याच्या होकाराला आपण किती किंमत द्यावी? बुडणारा काडी धरतो, तेव्हा त्याने काडीची निवड केली असे आपण म्हणत नाही.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत. पहिले उत्तर व्यवहारी माणसाचे. तो म्हणतो, शेवटी लाखो मुले वाचली ना? मग झाले तर! हा हिशेब मला भीतिदायक वाटतो. सोळांच्या बदल्यात लाख, हा सौदा फायद्याचाच आहे. पण मूल ही सौद्यात घालायची वस्तू आहे, हे आधी मान्य केल्यावाचून तो मांडताच येत नाही. माणसाला नुसते साधन म्हणून वापरू नका, असे कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने बजावले आहे. आपल्या घरातली कुठलीही आजी तेच वेगळ्या शब्दांत सांगेल. दुसऱ्याच्या लेकरावर हात शेकू नये, एवढेच तिचे म्हणणे असते.

दुसरे उत्तर सोवळ्या माणसाचे. तो म्हणतो, लहान मुलांवर प्रयोग करूच नयेत. हे ऐकायला बरे वाटते. पण मुलाचे शरीर म्हणजे मोठ्या माणसाचे लहान माप नव्हे. मुलांचा रोग वेगळा, त्यांना औषध सोसण्याची रीत वेगळी. मुलांवर काही करून पाहायचेच नाही असे ठरवले असते, तर आजही प्रत्येक आजारी मुलाशेजारी हात जोडून बसण्याखेरीज आपल्याला काही करता आले नसते. न करण्यालाही परिणाम असतात. फक्त त्यांचा दोष कुणाच्या माथी येत नाही, म्हणून ते सोवळे वाटतात.

मग खरे उत्तर कोणते? मला वाटते, ते प्रयोगाच्या क्षणी मिळतच नाही. ते पुढच्या काळाने द्यायचे असते. आजारी मुलाकडून समाज जेव्हा ज्ञान घेतो, तेव्हा तो न बोलता एक वचन देत असतो: तुला आम्ही वाचवू न शकलो, तरी तुझ्याकडून शिकलो ते तुझ्यासारख्या दुसऱ्या मुलाच्या घरापर्यंत पोचवू. हे वचन पाळले तर ते घेणे कर्ज ठरते. न पाळले तर ती लूट ठरते. बोस्टनच्या खोलीत १९४७ साली जे घडले ते न्याय्य होते की अन्याय्य, याचा निकाल एका अर्थी अजून लागलेला नाही. आपण रोज तो थोडाथोडा लावत आहोत.

पुढच्या पिढ्यांनी संमतीचे नियम कडक केले, हा त्या वचनाचा एक भाग झाला. १९६४ साली हेलसिंकीला जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेने जाहीरनामा केला. आपल्याकडे १९११ साली स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचे १९४९ मध्ये आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, असे नामांतर झाले. या परिषदेने २०१७ साली जे नीतिनियम छापले, त्यांत सात वर्षांवरील मुलाला त्याला समजेल अशा भाषेत सांगावे आणि आईबापांच्या संमतीबरोबर त्याचाही होकार घ्यावा, असे म्हटले आहे. सात वर्षांच्या मुलाला विचारायचे! आमच्या पिढीला कुणी गोळी कडू आहे का एवढेही विचारले नव्हते.

आजच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट असते, जी ऐकून आईबाप दचकतात. दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे माहीत नसेल, तर कोणत्या मुलाला कोणता द्यायचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतात. माझ्या लेकराचे नशीब चिठ्ठीवर? पण विचार करता मला यात क्रौर्य दिसत नाही, नम्रता दिसते. मला माहीत नाही, असे मोठ्या माणसाने म्हणणे अवघड असते. मोठ्या डॉक्टरने म्हणणे त्याहून अवघड. भारतातल्या अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन अलीकडच्या वर्षांत जी मोठी चाचणी हाती घेतली, तिच्यामागचा एक प्रश्न असा आहे, की विषारी औषधांची मात्रा कमी करूनही तितकाच गुण येईल का. आपल्या मुलांचे शरीर किती सोसू शकते, हे आपल्याच मुलांकडून शिकावे लागते. बोस्टनचे उत्तर इथे जसेच्या तसे चालत नाही.

हे आपल्याकडे पूर्वीच प्रत्ययाला आले आहे. परळलाच, हाफकिन संस्थेपासून फार लांब नाही, तिथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तिथे १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जा रोपण केले. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीत बसून काम करणारा हा माणूस. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकेच्या कर्करोग संस्थेतल्या डॉ. इयन मॅग्रथ यांच्याबरोबर, मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी आपल्या परिस्थितीला झेपेल अशी औषधयोजना आखली. मुंबई, मद्रास आणि दिल्ली अशा तीन ठिकाणी ती वापरली गेली. त्याआधी पाचांतले एखादे मूल वाचे. या योजनेने ते प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. औषधांत सुब्बारावांच्या औषधाचे ते धाकटे भावंड होते. सदाफुलीही होती. अंगणात, डब्यात, कुंडीत कुठेही फुलणाऱ्या या झाडापासून व्हिन्क्रिस्टिन नावाचे औषध काढतात. नुसती पाने चावून मात्र काही होत नाही, हे सांगून ठेवतो. अशा रीतीने १९२९ च्या सुमारास परळमधून बाहेर पडलेला धागा लंडन, न्यूयॉर्क, बोस्टन करीत पुन्हा परळला आला.

परळपर्यंत आला, भिवंडीपर्यंत येतो का?

या रोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिल्या महिन्याभरात रोग दिसेनासा होतो आणि खरा धोका तिथेच असतो. आमच्या आळीजवळ राहणारा एक मागवाला आहे. मूळ घराणे तेलंगणातले, पण तीन पिढ्या भिवंडीत. चार माग सांभाळतो. त्याच्या सहा वर्षांच्या मुलाला हा रोग झाला. महिनाभराने मूल हसायला-खेळायला लागले, तेव्हा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, पोरगं बरं झालं. जेवतंय, पळतंय. रिपोर्ट पण चांगला आहे. मग अजून दोन वर्षं कशाला खेटे घालायचे?" प्रश्न वेडा नव्हता. सरकारी योजनेतून औषधोपचाराचा बराच खर्च भागतो. पण खाड्याचे पैसे कोण देणार? मुलाला घेऊन पहाटे ठाण्याला जायचे, लोकलच्या गर्दीत त्याला जपत परळ गाठायचे, रात्री परत. तेवढ्या पाळ्या बुडाल्या. मी त्याला विचारले, "खोलीतले ढेकूण मारले, की एकही दिसत नाही. मग महिन्याभराने पुन्हा कुठून येतात?" तो म्हणाला, "फटीत अंडी असतात ना!" आणि स्वतःच गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मग दोन वर्षं फटी बघायच्या म्हणा की."

त्याला पटले, पण पटल्याने मजुरी मिळत नाही. पुढे जे झाले ते मी केले नाही, नुसते पाहिले. त्याच्या शेजारच्या मागांवरचा उत्तर प्रदेशातला एक कामगार रुग्णालयाच्या दिवशी याचेही माग चालवू लागला आणि त्या कापडाची मजुरी याच्या नावावर टाकू लागला. कारखान्याच्या मेहतांनी दिलेली उचल पगारातून कापायची राहून जाऊ लागली, विचारले तर म्हणत, "बघू पुढच्या पंधरवड्याला." भिवंडीत कामगारांच्या खाणावळीला भिशी म्हणतात. आमच्या इथल्या भिशीवाल्या बाई मुलासाठी ताजी, गरम डाळ आणि पालेभाजी वेगळी काढून झाकून ठेवतात, कारण कुपोषित मुलाला ही औषधे सोसत नाहीत आणि शिळ्यापाक्याचा साधा संसर्गही त्याच्या जिवावर बेतू शकतो. पालेभाजी! यातल्या कुणीही ल्युसी विल्सचे नाव ऐकलेले नाही. सुब्बाराव आपल्याच भाषेचे होते, हे त्या बापालाही मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. पण बोस्टनच्या त्या मुलांना दिलेले वचन पाळणारे लोक हेच आहेत, असे मी समजतो. मुलाच्या उपचारांचे अजून नऊ महिने उरले आहेत.

संशोधनाची शेवटची पायरी प्रयोगशाळेत नसते. मूल मध्येच उपचार सोडणार नाही, एवढी व्यवस्था करणे हीदेखील त्या संशोधनाचीच पूर्तता आहे. गाडगेमहाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा गावोगावच्या कर्करोग्यांना आसरा देते. २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया ही संस्था अशा मुलांच्या कुटुंबांना उपचार चालू असेपर्यंत राहायला जागा देते. झाडू घेऊन गाव झाडणारे महाराज रक्ताच्या पेशींबद्दल कधी बोलले नसतील. पण उपचाराला शहरात आलेल्या गरिबाला रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर औषध व्यर्थ जाते, हे त्यांच्या इतके कुणाला कळले होते?

आणि त्या पहिल्या धनको, गिरणगावातल्या बायका? त्यांचे काय? त्यांच्या रक्तातून जे कळले, ते लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळीच्या रूपाने १९७० पासून सरकारी कार्यक्रमातून गरोदर बायकांपर्यंत जात आहे. तरीही २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२ टक्के पंडुरोगी आढळल्या. आजचा पंडुरोग मुख्यतः लोहाच्या अभावाचा आहे, विल्सबाईंना दिसला तो नव्हे. पण ताट तेच आहे. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणारी बाई आजही आपल्या घराघरांत आहे. चकल्यांचा घाणा संपेपर्यंत उपाशी राहणारी बाईही बहुधा तीच. ज्या ताटाने जगाला औषध दिले, ते ताट भरायचे राहून गेले. हे देणे फेडायला प्रयोगशाळा नको, पैसेही फार नकोत. तिला आपल्याबरोबर जेवायला बसवले तरी सुरुवात होते.

असा रोग घरात शिरला, की कुणीतरी म्हणतेच, मागच्या जन्मीचे देणे असेल. आईच्या काळजावर याहून मोठा घाव नसेल. बहुसंख्य मुलांत हा रोग का होतो याचे उत्तर आईच्या खाण्यात, वागण्यात किंवा पापात नसते. पेशींच्या घडणीत आकस्मिक बिघाड होतो, एवढेच. मला नवल याचे वाटते, की मागच्या जन्मीचे देणे आपल्याला इतक्या लवकर आठवते आणि याच जन्मीचे, याच मुंबईतले, अवघ्या शंभर वर्षांपूर्वीचे देणे आठवत नाही. पितृपक्षात तर्पण करताना शेवटी एक ओंजळ, ज्यांना पाणी द्यायला कुणी नाही त्यांच्यासाठीही सोडतात. ज्याने ही रीत घातली, त्याला नाव नसलेल्या धनकोंचा विचार सुचला होता. मात्र ओंजळभर पाण्यावर थांबावे, असे त्यालाही वाटले नसेल.

धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावतो, घरातल्या कुणाला अपमृत्यू येऊ नये म्हणून. त्याच दिवशी धन्वंतरीची पूजाही असते. त्या दिवसांत मुलांच्या कर्करोगाच्या वॉर्डात काय चालते, ते एका वाक्यात सांगतो. औषधांनी रक्त पातळ झालेल्या मुलाला रक्तस्राव होऊ नये म्हणून प्लेटलेट द्याव्या लागतात. काढलेल्या प्लेटलेट पिशवीत जेमतेम पाच दिवस टिकतात. आणि सणासुदीला, सुट्ट्यांत, रक्त देणारे कमी होतात. म्हणजे वसुबारसेला दिलेल्या प्लेटलेट भाऊबीजेपर्यंतही पुरत नाहीत. दिवाळीच्या आत कुणी दिले आणि दिवाळीत कुणी दिले नाही, तर मध्ये खंड पडतो.

माझे वय आता रक्त देण्याचे राहिले नाही. पासष्टीनंतर रक्तपेढी आपल्याला प्रेमाने परत पाठवते. घरात सून आणि नातू आहेत. पाडव्याला सकाळी दोघे जाणार आहेत. नातवाला यंदा अठरा पूर्ण झाली, म्हणून त्याची ही पहिलीच खेप. मला जमण्यासारखे उरले ते हे लिहिणे. वाचून झाल्यावर अंक बाजूला ठेवून घरात पासष्टीच्या आतले कोण कोण आहे, ते एकदा मोजून पाहावे, इतकीच विनंती आहे.